‘ज्याचे त्याचे सत्य’ : एक आक्षेप

मराठी विभागांच्या चर्चासत्रांत गेली काही वर्षे एक वाक्य हमखास ऐकू येते. दोन निबंध एकमेकांच्या अगदी विरुद्ध निष्कर्षांवर पोचलेले असतात, श्रोत्यांत कुजबुज सुरू झालेली असते, जेवणाची वेळ टळून गेलेली असते. आणि अध्यक्ष उठून म्हणतात, ‘शेवटी ज्याचे त्याचे सत्य असते.’ टाळ्या पडतात. कोणी दुखावले जात नाही, कोणाला काही सिद्ध करावे लागत नाही, आणि मंडळी पंगतीकडे वळतात. आमच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य आता इतके आत्मसात केले आहे की उत्तरपत्रिकेत प्रश्न अवघड वाटला की ते तेथेही उतरते.

हे वाक्य उदार वाटते. आमच्या मते ते उदार नाही, आळशी आहे. आणि ज्यांच्या बाजूने बोलण्याचा आव आणून ते उच्चारले जाते त्यांच्याच विरोधात ते जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत शिकवताना हे आम्हाला अधिक टोचते, कारण येथे सत्य काय हा प्रश्न पुष्कळदा कोणाचा जंगलावर हक्क आणि कोण कसे मेले याच्याशी बांधलेला असतो. याच्या उलट टोकाला ‘सत्य आम्हाला गवसले आहे, आता तुम्ही फक्त ऐका’ असे म्हणणारे आहेत. त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. आमची भूमिका एवढीच : सत्य पाहणाऱ्यावर अवलंबून नसते, आणि कोणताही पाहणारा त्याला पुरा पडत नाही. ही दोन विधाने एकमेकांना छेद देतात असा समज आहे. तो चुकीचा आहे. पहिले विधान सोडले तर दुसऱ्याला अर्थच उरत नाही, कारण आपले पाहणे अपुरे आहे असे म्हणायचे तर ते कशाच्या मानाने अपुरे, हे सांगावे लागते.

१

सापेक्षतावादी मंडळींचे लाडके प्रमाण म्हणजे हत्ती आणि आंधळे. मराठीच्या विद्यार्थ्याला हा दृष्टान्त केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त भेटतो, म्हणजे आपल्या गद्याच्या अगदी पहिल्या शतकात. ज्याच्या हाताला पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा, ज्याच्या हाताला कान लागला त्याला सुपासारखा. वर्गात याचा अर्थ सांगितला जातो तो असा, की बघा, प्रत्येकाचा हत्ती वेगळा.

गोष्ट असे म्हणतच नाही. प्रत्येकाचा हत्ती वेगळा असता तर आंधळे भांडले नसते. ज्याने त्याने आपापला हत्ती घरी नेला असता. ते भांडतात कारण हत्ती एकच आहे हे त्या सर्वांना मान्य आहे. शिवाय कान सुपासारखा लागला ही त्या माणसाची कल्पना नव्हे. कान खरोखरच तसा आहे. त्याची चूक हाताची नाही, ‘एवढेच’ म्हणण्याची आहे. मधला हत्ती काढून घेतला तर उरतात ते काही माणसे आणि रिकामी हवा. आजची ‘ज्याचे त्याचे सत्य’ ही घोषणा नेमका हाच उद्योग करते : हत्ती घालवते आणि आंधळ्यांचे कौतुक करत बसते.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही या गोष्टीत सोय दिसते. ते स्वतःला आंधळ्यांत मोजत नाहीत. गोष्ट सांगणारा डोळस असतो, आणि आपण नेहमी सांगणाऱ्याच्या जागी बसलेलो असतो, अशी त्यांची खात्री असते. या दोघांनाही न सुचणारा तिसरा मार्ग साधा आहे. आंधळ्यांनी हत्तीभोवती फिरावे, जागा बदलाव्यात, आणि दुसऱ्याच्या हाताला काय लागले ते नीट विचारून घ्यावे.

२

हा तिसरा मार्ग मराठी वाङ्मयाने प्रत्यक्ष चालून दाखवला आहे, आणि तोही आपल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथात. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या; ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले ते त्यांतून. पुढे मूळ प्रत हरवली आणि अनुयायांना ते आठवणीतून पुन्हा उभे करावे लागले. हा इतिहास आपण एम.ए.च्या पहिल्या वर्षी शिकवतो आणि पुढे जातो. थांबावे तेथेच.

आठवणी जुळत नाहीत तेव्हा या परंपरेने काय केले? एक पाठ खरा ठरवून बाकीचे जाळले नाहीत. सगळे पाठ सारखेच खरे म्हणून सोडूनही दिले नाहीत. अमक्याची ‘वासना’ अशी, तमक्याची अशी, असे आठवणाऱ्याच्या नावानिशी नोंदवून ठेवले. शोध घेतला तेथे ‘शोध’ म्हणून खूण केली. लक्षात घ्यायचे ते हे, की ही माणसे संशयवादी नव्हती. चक्रधर हे साक्षात परमेश्वराचा अवतार, त्यांचा शब्द म्हणजे अंतिम सत्य, अशी त्यांची श्रद्धा होती. शब्दाचे मोल एवढे मोठे होते म्हणूनच आपल्या स्मरणाचा भरवसा त्यांनी जपून धरला. ज्याला सत्याची पर्वा नाही तो पाठभेद कशाला टिपेल? एका अक्षराच्या फरकासाठी साक्षीदाराचे नाव लिहून ठेवणारा माणूस परमसत्यावर विश्वास ठेवणाराच असू शकतो.

पाठचिकित्सा हा आज मराठी विभागांतला सर्वांत ओस पडलेला विषय आहे. ‘ज्याचे त्याचे सत्य’ म्हणणाऱ्यांच्या हाती अभ्यासक्रम गेला की तो ओस पडणारच. कारण सर्व पाठ सारखेच खरे असतील तर कोणती पोथी आधीची हे तपासण्यात जन्म कोण घालवील?

३

आता ग्रंथालयाबाहेर येऊ. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक वा अनेक आढळले. त्यांच्यापैकी पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब जागतिक आरोग्यव्यवस्थेच्या वहीत होता.

आमच्या सापेक्षतावादी मित्रांना विचारतो : १९८९ पूर्वी या स्त्रियांचा आजार खरा होता की नव्हता? कोणत्याही संभाषितात तो नव्हता. कोणत्याही अहवालाने त्याची ‘रचना’ केली नव्हती. सत्ता, शास्त्र, सरकार यांपैकी कोणालाही तो दिसत नव्हता. तरीही बाईची कंबर दुखतच होती. सत्य हे संभाषितांनी घडवले जाते असे म्हणायचे तर त्या दुखण्याला संशोधक येईपर्यंत अस्तित्वच नव्हते असे म्हणावे लागेल. हे म्हणण्याचे धाडस ज्याच्यात असेल त्याने ते आमच्या विद्यार्थिनींच्या समोर म्हणावे.

याच प्रकरणाची दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. हे सत्य दिसायला नम्र व्हावे लागले. बाया आपल्या दुखण्याला कोणते शब्द वापरतात, काय सांगतात आणि काय गिळतात, हे ऐकून घ्यावे लागले. राणी बंग यांच्या मराठी पुस्तकाचे नाव ‘कानोसा’ असावे हे त्या कामाच्या पद्धतीशी सुसंगतच आहे. आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाहीच, असे ठरवणाऱ्या शास्त्राला हे कधीच दिसले नसते. आणि आकडा हाती आल्यावरही तो दोन गावांचा आहे, सर्व भारताचा नव्हे, हे त्या आकड्यासोबतच वाचावे लागते. सत्य ठाम आणि दावा मोजका, हे नाते येथे स्पष्ट दिसते.

पुढे २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा अहवाल आला तेव्हाही हेच घडले. प्रत्यक्षात घडणारे मृत्यू सरकारी नोंदींहून कितीतरी अधिक आहेत, असे त्याने दाखवले. येथे ‘सरकारचे सत्य वेगळे, आईचे सत्य वेगळे’ असे म्हणून समारोप करता येईल काय? मूल गेले की नाही याला उत्तर एकच असते. नोंदवहीत ते उत्तर नसेल तर नोंदवही चुकलेली असते.

४

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव मराठी वाचकाला मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’मुळे परिचित आहे. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर वाद उभा राहिला बांबूवरून. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील तेव्हाच्या व्याख्येनुसार बांबू हे ‘झाड’ होते. झाड म्हणजे इमारती लाकूड. आणि ते वनखात्याचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबू गौण वनोपजात घातला होता. वनस्पतिशास्त्र तर बांबूला गवताच्या कुळात बसवते. गाव आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

आमचे सिद्धान्तप्रिय सहकारी या कथेवर झडप घालतील हे आम्ही जाणतो. ते म्हणतील, पाहा, बांबू झाड की गवत हे सत्ताच ठरवते. भाषा हीच वास्तव घडवते. त्यातला अर्धा भाग आम्हाला मान्य आहे. नाव देण्याची सत्ता असते आणि ती राबवली जाते. हे दाखवून देणे हे समीक्षेचे कामच आहे. पण सत्तेने दिलेले नाव खोटे आहे, असे म्हणण्याची जागा तुम्ही शिल्लक ठेवली आहे काय? सत्य म्हणजे सत्तेने घडवलेली वस्तू, एवढेच असेल, तर वनखात्याची सत्ता मोठी आणि गावाची लहान, म्हणून वनखात्याचे सत्य मोठे, असाच हिशेब निघतो. दुर्बळाच्या हातात बळ नसते, पैसा नसतो. ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार तेवढा असतो. तोही तुम्ही सिद्धान्ताच्या नावाने काढून घेता, आणि वर स्वतःला त्याचे कैवारी म्हणवता.

मेंढ्याकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तेथील ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तेथे अभ्यासगटांची पद्धत रुजली. आधी विषयाचा अभ्यास, मग चर्चा, मग निर्णय. मोहनभाऊंवर विनोबांच्या विचारांचा प्रभाव होता हे सर्वज्ञात आहे. सर्वसहमतीमागचा विचार नीट पाहावा. एक जण नाही म्हणतो तोवर थांबायचे, कारण कदाचित त्या एकालाच आपल्याला न दिसलेले काही दिसत असेल. ज्याचे त्याचे सत्य वेगळे असते असे गृहीत धरले तर थांबण्याचे कारणच नाही. डोकी मोजावीत आणि मोकळे व्हावे. सत्य एक आहे आणि ते कोणाच्या बाजूने उघडेल हे आधी सांगता येत नाही, असे मानणारेच एका माणसासाठी थांबू शकतात.

५

आता मुठीत सत्य धरलेल्यांकडे वळू. गडचिरोलीने गेली चार दशके अशा माणसांची किंमत मोजली आहे. क्रांतीचे अंतिम सत्य गवसलेल्यांनी ‘खबऱ्या’ म्हणून गावकऱ्यांना मारले. त्याच गावकऱ्यांकडे दुसऱ्या बाजूने नक्षल्यांचे साथीदार म्हणून संशयाने पाहिले गेले. माणूस खरोखर काय होता हे विचारण्याआधीच त्याला नाव चिकटवले गेले. आपले आकलन चुकू शकते असे मानणाऱ्याला दुसऱ्याचा जीव घेणे जड जाते, कारण मारलेल्या माणसाच्या बाबतीत निष्कर्ष दुरुस्त करता येत नाही.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामात राहून गेलेल्या माणसाने हा संबंध सर्वांत स्वच्छ मांडला होता. गांधींनी आत्मचरित्राला ‘सत्याचे प्रयोग’ म्हटले. प्रयोग म्हणजे फसू शकणारी गोष्ट. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी निरपेक्ष सत्य आणि आपल्याला त्या घडीला दिसणारे सापेक्ष सत्य यांत भेद केला आहे. १९३१ मध्ये लोझान येथे बोलताना त्यांनी, ईश्वर सत्य आहे याऐवजी सत्य हाच ईश्वर आहे, असे म्हणणे का पसंत केले हे सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की अहिंसा हा त्यांच्या विचाराला वरून जोडलेला सद्गुण राहत नाही. सत्य आहे, म्हणून त्यासाठी आग्रह. माझे दर्शन अपुरे असू शकते, म्हणून आग्रहाचे दुःख मी सोसायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही. पहिले गाळले तर सत्याग्रहातला आग्रह जातो आणि ‘ज्याचे त्याचे’ उरते. दुसरे गाळले तर बंदूक उरते.

रक्तपात नसलेल्या वादांतही ही मूठ दिसते. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. त्या सहा वर्षांत बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले लोक जे बोलले त्यात दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळले गेले. बंदीने पिणे कमी झाले का, हा एक प्रश्न. बंदी असावी का, हा दुसरा. पहिल्याला उत्तर आहे. ते शोधणे कष्टाचे असेल, पण ते तुमच्या-आमच्या मतावर ठरत नाही. दुसऱ्यात मूल्यांचा विचार येतो आणि तेथे सभ्य मतभेदाला खूप जागा आहे. झाले उलटे. मूल्याच्या प्रश्नावर कोणी दुसऱ्याचे ऐकले नाही, आणि तथ्याच्या प्रश्नावर मात्र ज्याने त्याने आपापला आकडा खिशात ठेवला. ‘माझे सत्य’ आणि ‘एकमेव सत्य’ या दोन वृत्ती शत्रू वाटतात. त्या एकाच घरात नांदतात हे चंद्रपूरच्या चौकाचौकांत ऐकू येत होते. माझे सत्य तपासता येत नसेल तर ते माझ्यापुरते एकमेवच झाले.

६

आक्षेप असा घेतला जाईल की साहित्य हे बांबू किंवा बालमृत्यू नव्हे. कवितेचा अर्थ मोजता येत नाही; तेथे अनेकार्थता हेच वैभव. आम्हाला अनेकार्थता अमान्य नाही. एका कवितेचे पाच अर्थ असू शकतात. म्हणून सहावा कोणताही अर्थ चालतो असे होत नाही. कवितेत नसलेली ओळ वाचणारा विद्यार्थी वेगळे वाचत नाही, चुकीचे वाचतो, आणि त्याला तसे सांगणे हा शिक्षकाचा उद्धटपणा नसून कर्तव्य आहे. लेखकाच्या अधिकाराला बार्थने हरकत घेतली ती वाचकाला मोकळे करण्यासाठी. वाचनाचे कष्ट वाचवण्यासाठी नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सत्य एकच, ही भाषा आजवर धर्मपीठांनी, साम्राज्यांनी, वरच्या जातींनी वापरली आणि खालच्यांचा आवाज दाबला. मग ती पुन्हा कशाला? इतिहास खरा आहे. पण तो सांगतो काय? त्यांनी खोटे सत्य म्हणून खपवले, हा त्यांचा अपराध. खोटे म्हणायला सत्याचे माप लागते. माप फेकून देऊन अपराध सिद्ध करता येत नाही.

ताडोब्याचा वाघ या बाबतीत आमच्या कामाला येतो. जंगलात आज या घटकेला किती वाघ आहेत, याला एक निश्चित पूर्णांक आहे. तो कोणालाही ठाऊक नाही. पूर्वी पावलांचे ठसे पाहून वाघ मोजत आणि एक ठाम आकडा जाहीर करत. २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्क्यात, कागदावर वाघ असताना, जंगलात एकही उरला नसल्याचे उघड झाले आणि त्या पद्धतीची अब्रू गेली. मग कॅमेरे लावून, अंगावरचे पट्टे ओळखून, संख्याशास्त्राने अंदाज बांधणे सुरू झाले. २०१८ च्या गणनेत देशातील वाघ २,९६७ सांगितले गेले आणि सोबत कंसात मर्यादाही दिल्या गेल्या : २,६०३ ते ३,३४६. ज्याला वाघ नाहीतच असे वाटते तो हा कंस लिहिणार नाही. ज्याला आपण सर्व वाघ पाहिले असे वाटते तोही लिहिणार नाही. जुना ठाम आकडा मात्र ठामपणामुळे खरा झाला नव्हता.

आमची मागणी या कंसापुरती आहे. मराठीच्या प्रबंधांत निष्कर्षाचे प्रकरण असते. त्यात ‘सिद्ध झाले’ हा शब्द पानापानांवर असतो आणि प्रस्तावनेत ‘सत्य सापेक्ष असते’ हे वाक्य असते. दोन्ही एकाच संशोधकाने, बहुधा न वाचता, लिहिलेली असतात. त्याऐवजी विद्यार्थ्याने लिहावे की मी अमुक प्रती पाहिल्या, अमुक पाहिल्या नाहीत. अमुक गावांत गेलो, अमुक बोली मला कळत नाही. एवढ्यावरून मला असे दिसते, आणि हे पुरावे सापडले तर माझे म्हणणे कोसळेल. मार्गदर्शकाने शेवटचे वाक्य नसलेला प्रबंध परत पाठवावा. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तोच विचारावा. आणि चर्चासत्राच्या अध्यक्षांनी, जेवणाला थोडा उशीर झाला तरी चालेल, दोन विरुद्ध निबंधांपैकी निदान कोणता एक चुकला असण्याचा संभव आहे आणि तो कसा तपासता येईल, एवढे तरी बोलून खाली बसावे.